एआरईचा पहिला पेपर: मुंबईच्या आर्किटेक्टने सुरुवात कुठून करायची

आपल्याकडे बी.आर्क. झालं, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे कागदपत्रं दिली, सीए अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आला की आपण आर्किटेक्ट. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने हीच वाट आखून दिली आहे. पदवीनंतर परवान्याची वेगळी परीक्षा नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या परवान्यासाठी एआरई, म्हणजे आर्किटेक्ट रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन, द्यायची वेळ येते तेव्हा आपण कॉलेजातल्या परीक्षेसारखी तयारी करायला लागतो: जाडी पुस्तकं, नोट्स, पाठांतर. आणि अडकतो. कारण या परीक्षेत डिझाइनची चुणूक कोणी बघत नाही. आर्किटेक्टची जबाबदारी कुठे सुरू होते आणि त्याचा हात कुठे थांबतो, एवढंच ती सहा पेपरांतून फिरवून फिरवून विचारते.

हा लेख मुंबईतल्या तीन प्रकारच्या लोकांसाठी लिहिते आहे. तिथे एम.आर्क. करून आता नोकरीत असलेले. व्हिसा संपला म्हणून किंवा घरच्यांसाठी परत आलेले, ज्यांचे तिथल्या कामाच्या अनुभवाचे तास तसेच पडून आहेत. आणि अंधेरी-पवईच्या ऑफिसांत बसून अमेरिकन फर्मसाठी रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग काढणारे, ज्यांना आपल्या कामावर कधीतरी स्वतःची सही हवी आहे. मी दुसऱ्या गटातली. सहाही पेपर देऊन झाले, त्यातला एक दोनदा. आता रविवारी सकाळी दादरला आमच्या घरी पाच-सहा जणांना घेऊन बसते. तिथे जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे आहे.

आधी खातं, आणि खात्यावरचं नाव

परीक्षा एन्कार्ब ही राज्यांच्या आर्किटेक्ट मंडळांची राष्ट्रीय संस्था घेते, परवाना मात्र राज्याचं मंडळ देतं. सगळी राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि प्वेर्तो रिको-ग्वामसारखे प्रदेश धरून अशी ५५ मंडळं आहेत. म्हणून एन्कार्बचं खातं, ज्याला तिथे 'रेकॉर्ड' म्हणतात, ते उघडताना आपण कुठल्या राज्याच्या मंडळाकडून पात्र ठरणार आहोत हे ठरवून घ्यावं लागतं. नातेवाईक कुठे राहतात यावरून राज्य निवडू नका. तुमची पदवी कोण मान्य करतं यावरून निवडा.

नावाचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं नाव बहुतेक वेळा जोडून येतं. खातं उघडताना आपण सवयीने नुसतं नाव आणि आडनाव लिहितो. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र आणि खातं जुळलं पाहिजे, नाहीतर आत घेत नाहीत. आमच्या गटातल्या एकीच्या पासपोर्टवर लग्नानंतर नवऱ्याचं नाव-आडनाव आलं, खात्यावर माहेरचंच राहिलं. अभ्यास चोख होता तिचा. दारातूनच परत यावं लागलं आणि फी गेली ती गेलीच. पासपोर्ट शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर बघून नाव भरा. हे पहिल्या दिवशीचं काम आहे, आदल्या दिवशीचं नव्हे.

पदवी आणि तास

नॅबची, म्हणजे आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता असलेली एम.आर्क. असेल तर शिक्षणाचा प्रश्न मिटला. पण अमेरिकेतली प्रत्येक मास्टर्स तशी नसते. अर्बन डिझाइन किंवा शाश्वत बांधकाम या विषयांतल्या एम.एस. पदव्या आपल्या मुली-मुलांत खूप चालतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ही मान्यता नसते. मग आपल्या बी.आर्क.चं ईईएसए, म्हणजे परदेशी पदवी तिथल्या निकषांवर तपासणारं, मूल्यमापन करून घ्यावं लागतं, किंवा न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियासारखं राज्य बघावं लागतं, जिथे पदवीच्या जागी जास्तीचा अनुभव धरतात. कॅलिफोर्नियात मात्र एआरईनंतर राज्याची आणखी एक पुरवणी परीक्षा आहे, हे आधीच माहीत असू द्या. अजून कॉलेज निवडायचं असेल तर प्रवेशाच्या पत्रावर सही करण्याआधी मान्यतेचा प्रश्न लेखी विचारा.

अनुभवाच्या कार्यक्रमाला एएक्सपी म्हणतात. एकूण ३,७४० तास, सहा विभागांत वाटलेले. सर्वांत मोठा वाटा ड्रॉइंग आणि दस्तऐवजांचा, १,५२० तास. सर्वांत लहान प्रॅक्टिस मॅनेजमेंटचा, १६० तास. किमान १,८६० तास तिथल्या परवानाधारक आर्किटेक्टच्या देखरेखीखाली आर्किटेक्चरच्या ऑफिसात झालेले हवेत. मुंबईत आपल्या नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली केलेलं कामही तासांच्या दुसऱ्या, 'इतर ठिकाणचा अनुभव' या गटात काही प्रमाणात धरता येतं. ते वाया गेलं असं समजून सोडून देऊ नका.

तास भरायला उशीर मात्र करू नका. काम केल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंदवलं तर पूर्ण धरतात. त्यानंतर, पाच वर्षांपर्यंतचं, निम्मंच. परत आल्यावर 'बघू सावकाश' म्हणत मी माझे कितीतरी तास असे अर्धे करून घेतले. बॅग उघडायच्या आधी तास भरा, आणि तुमचा वरिष्ठ ती फर्म सोडून जायच्या आत त्याच्याकडून मंजूर करून घ्या. बहुतेक राज्यांत तास पूर्ण व्हायची वाट न बघता परीक्षा सुरू करता येते, तेव्हा दोन्ही कामं जोडीने चालू द्या.

कुठला पेपर आधी

सहा पेपर आहेत: प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, प्रोग्रॅमिंग अँड ॲनालिसिस, प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन, प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन, आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन. क्रम आपण ठरवायचा. ड्रॉइंगमध्ये हात बसलाय म्हणून डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करावी असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. आपण मुंबईकरांनी प्रॅक्टिस मॅनेजमेंटपासूनच सुरुवात करावी, त्यानंतर प्रोजेक्ट मॅनेजमेंट, मग कन्स्ट्रक्शन. या तिन्हीत करारांचा अभ्यास सारखाच आहे, आणि आपल्या सवयी जिथे सर्वांत जास्त आड येतात ती जागाही हीच आहे. ती सवय एकदा सुटली की पुढच्या तांत्रिक पेपरांतले प्रश्नही वेगळे दिसायला लागतात.

प्रॅक्टिस मॅनेजमेंटचा पेपर आकारानेही लहान आहे: ६५ प्रश्न, २ तास ४० मिनिटं. शेवटी केस स्टडी असतात, त्यात करार, पत्रं, तक्ते समोर ठेवून प्रश्न विचारतात. नोकरी सांभाळून आठ आठवडे पुरतात असा माझा अनुभव आहे.

करार वाचायचे, तेही लोकलमध्ये

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे (एआयए) छापील करार या परीक्षेचा कणा आहेत. चार कागद आधी घ्या. बी-१०१ म्हणजे मालक आणि आर्किटेक्ट यांच्यातला करार. ए-१०१ मालक आणि कंत्राटदार यांच्यातला. सी-४०१ आर्किटेक्ट आणि त्याचे सल्लागार यांच्यातला. आणि ए-२०१, म्हणजे कामाच्या सर्वसाधारण अटी. ए-२०१ची १५ कलमं आहेत. मी रोज जाताना एक आणि येताना तेच पुन्हा, असं तेव्हाच्या डोंबिवली-सीएसएमटी प्रवासात वाचलं. तीन आठवड्यांत कागद तोंडओळखीचा झाला. त्यांचे नमुने एआयए स्वतः प्रसिद्ध करते. क्लासच्या नोट्सवर भागवू नका, मूळ वाक्यं वाचा, कारण प्रश्न त्या वाक्यांवरच बेतलेले असतात.

वाचताना एक त्रिकोण काढा. वरच्या टोकाला मालक, खाली एका बाजूला आर्किटेक्ट, दुसऱ्या बाजूला कंत्राटदार. मालकापासून दोघांकडे रेघ ओढा. आर्किटेक्ट आणि कंत्राटदार यांच्यात रेघ नाही, त्यांचा आपसांत करारच नाही. आपल्या साइटवर हे मनात उतरणं फार कठीण जातं. आपल्याकडे कंत्राटदार बऱ्याचदा आर्किटेक्टच सुचवतो, पैशासाठी फोन त्यालाच येतो, आणि भिंत दोन इंच सरकली तर 'तोडा हे' असं सांगणाराही तोच.

रविवारच्या गटात मी पहिल्या दिवशी एक प्रश्न देते. आर्किटेक्ट साइटवर गेली. एक भिंत ड्रॉइंगप्रमाणे बांधलेली नाही. तिने काय करावं? काम थांबवावं, मुकादमाला भिंत पाडायला सांगावं, मालकाला कळवून ते काम नाकारावं, की पुढच्या बिलाची वाट बघावी? आतापर्यंत प्रत्येक नव्या माणसाने पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलंय. सगळे चांगले, जबाबदार आर्किटेक्ट आहेत, मुंबईच्या साइटवर नेमकं हेच करतात. पण ए-२०१प्रमाणे काम थांबवायचा अधिकार मालकाचा आहे. करारात न बसणारं काम नाकारायचा अधिकार आर्किटेक्टचा. आणि भिंत कशी पाडायची, कुठल्या क्रमाने, किती माणसं लावून, हे सगळं कंत्राटदाराचं. आर्किटेक्टने परस्पर मुकादमाला सूचना दिली आणि त्यात कोणी जखमी झालं, तर जी जबाबदारी करारात तिच्याकडे नव्हती ती तिने स्वतः ओढून घेतलेली असते. उत्तर तिसरं.

मी जो पेपर दोनदा दिला तो कन्स्ट्रक्शनचा. दहा वर्षं साइट बघितलेली, त्यामुळे हाच सोपा जाईल अशी खात्री होती. निकालाबरोबर कुठल्या भागात कमी पडलो याचा तक्ता मिळतो. तो बघताना लक्षात आलं की प्रश्न वाचून मी माझी साइट आठवत होते आणि तिथे जे केलं असतं ते उत्तर देत होते.

शॉप ड्रॉइंगचंही तसंच. आपण स्टीलवाल्याचं किंवा खिडकीवाल्याचं ड्रॉइंग आलं की माप न् माप तपासतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. तिथे आर्किटेक्ट बघतो ते डिझाइनच्या कल्पनेशी आणि करारातल्या माहितीशी जुळतंय का, एवढ्या मर्यादित हेतूने. मापं आणि नग तपासणं कंत्राटदाराचं काम. पैशाचंही: कंत्राटदार जी-७०२ या छापील अर्जावर मागणी करतो, आर्किटेक्ट सात दिवसांत प्रमाणित करतो किंवा का करत नाही ते कळवतो, आणि पैसे मालक देतो. दावा करायचा तर कारण घडल्यापासून किंवा ते लक्षात आल्यापासून, जे नंतर असेल तिथून, २१ दिवस. असे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा.

आपल्या पद्धतीशी तुलना करून लक्षात ठेवायला सोपं जातं. आयओडी, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), ओसी (वापराचा दाखला) ही आपली साखळी सगळ्यांना पाठ असते. आयओडी या परवानगीच्या कागदाचं नावच 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', आणि खाली अटींची यादी. तिथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरा. इमारत वापरायची परवानगी सरकारी खातं देतं. 'सब्स्टॅन्शियल कम्प्लीशन', म्हणजे मालक ठरल्या कारणासाठी जागा वापरू शकेल इतकं काम झालं, हे जी-७०४ या छापील दाखल्यावर आर्किटेक्ट प्रमाणित करतो. आपण ओसी म्हणताना दोन्ही एकात धरतो आणि परीक्षेत चुकतो.

आणखी एक कल्पना सावकाश वाचा: स्टँडर्ड ऑफ केअर. त्याच परिस्थितीत, त्याच भागातला दुसरा जाणता आर्किटेक्ट जितकी काळजी घेईल तितकी आपण घ्यायची. बिनचूक कामाची हमी त्यात नाही. आपल्या प्रपोजलमध्ये 'सर्वोत्तम', 'संपूर्ण हमी' असे शब्द आपण मोठ्या मनाने लिहितो. तिथे तेच शब्द करारात आले की जबाबदारीची पातळी वर चढते, आणि व्यावसायिक विमा त्या चढलेल्या पातळीला संरक्षण देईलच असं नाही. अशा मसुद्यात कुठला शब्द खोडाल, हा परीक्षेचा आवडता प्रश्न आहे.

फर्मचं गणित

आपल्याकडे फी बांधकामखर्चाच्या टक्क्यात किंवा चौरस फुटावर ठरते, तास मोजायची सवय नसते. म्हणून प्रॅक्टिस मॅनेजमेंटमधलं गणित अवघड वाटतं, एरवी ते आठवीच्या पातळीचं आहे. एकदा हाताने करून बघा.

आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, म्हणजे वर्षाला २,०८० तास. एका माणसाने त्यातले १,६६४ तास प्रकल्पांवर लावले. १,६६४ भागिले २,०८०, म्हणजे ८० टक्के. हा त्याचा युटिलायझेशन रेट. आता फर्म घ्या. प्रकल्पांवर थेट लागलेले पगार ४,००,००० डॉलर. भाडं, विमा, सॉफ्टवेअर, प्रकल्पावर न लागलेले पगार मिळून ६,००,००० डॉलर. सहा लाख भागिले चार लाख, म्हणजे ओव्हरहेड रेट १.५. त्यात थेट पगाराचा १ मिळवला की २.५, हा ब्रेक-ईव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा. तासाला ४० डॉलर पगाराचा माणूस फर्मला तासाला १०० डॉलरला पडतो. मालकाला १२० लावले तर २० डॉलर नफा.

इथेच थांबू नका. नफा किती टक्के, असा प्रश्न आला तर? खर्चावर २० टक्के, पण उत्पन्नावर २० भागिले १२०, म्हणजे १६.७ टक्के. दोन्ही आकडे पर्यायांत असतील. प्रश्नात 'कशावर' ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

फूट, सूत आणि बर्फ

पुढच्या पेपरांसाठी हे आत्तापासून अंगवळणी पाडा. आपली सबमिशनची ड्रॉइंग मीटरमध्ये, फ्लॅटचा कार्पेट चौरस फुटात आणि सुतार बोलतो सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ज्यांनी इंटिरिअरची कामं केली आहेत त्यांना १/८ इंच डोळ्यांनी कळतो, ती शिदोरी कामाला येते. १/४ इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण १:४८ होतं, १/८ इंचाचं १:९६. आपलं ५० आणि १०० डोक्यातून काढावं लागतं.

आणि आरसीसीही. आपण वाढलो काँक्रीटच्या चौकटीत. तिथली घरं लाकडी चौकटीची, खांब १६ इंचांवर, आणि 'टू बाय फोर' म्हणतात ती फळी प्रत्यक्षात १½ बाय ३½ इंच भरते. पाया गोठणरेषेच्या, म्हणजे थंडीत जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या, खाली न्यावा लागतो. थंड प्रदेशात बाष्परोधक थर भिंतीच्या उबदार बाजूला, म्हणजे आतून. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा बघितलेल्या माणसाला हे सुचत नाही, ते समजूनच घ्यावं लागतं. पहिल्या पेपरात यातलं काही येणार नाही, म्हणून एवढंच.

जागा धरणं आणि तो दिवस

तारीख आधी धरा, अभ्यास मग तिच्या मागे धावतो. खात्यात तुम्हाला कुठले पर्याय दिसतात ते बघा: केंद्र की ऑनलाइन. ऑनलाइन असेल तर वेळेचा प्रदेश दोनदा तपासा. न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, टेबल मोकळं हवं, कॅमेऱ्यातून खोली दाखवावी लागते. मुंबईच्या घरात हे सोपं नाही. दहीहंडी आणि गणपतीचे दिवस टाळा, घरच्यांना आणि कामवाल्या ताईंना आधी सांगा, आणि दाराला कडी लावा.

परीक्षेच्या आधी एन्कार्बच्या खात्यातली सराव परीक्षा वेळ लावून द्या. ती फुकट आहे आणि पडदा हुबेहूब खऱ्या परीक्षेसारखा आहे. कच्चा कागद मिळत नाही, पडद्यावरच्या फळ्यावर माउसने लिहावं लागतं. त्रिकोण आणि भागाकार माउसने काढायची सवय करा. मी आठवडाभर रोज दहा मिनिटं तेवढंच केलं.

प्रश्नाला सरासरी जेमतेम अडीच मिनिटं मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रकारात अर्धे गुण नाहीत, सगळे बरोबर तरच. मधे सुट्टी घेता येते, पण सुट्टीआधी पाहिलेले प्रश्न त्यानंतर कायमचे बंद होतात. म्हणून उठण्याआधी खूण केलेले प्रश्न संपवा, मग उठा. आणि केस स्टडीसाठी शेवटची ४५ मिनिटं राखून ठेवा. आमच्यातले जे थोडक्यात नापास झाले त्यांतले बरेच तिथे वेळ न उरल्यामुळे झाले.

शेवटचं बटण दाबलं की प्राथमिक निकाल तिथेच बघता येतो. पास झालात तर त्याच आठवड्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंटची तारीख घ्या, करार डोक्यात ताजे आहेत. नापास झालात तर तोच पेपर ६० दिवसांनी पुन्हा देता येतो, आणि १२ महिन्यांत एक पेपर तीन वेळा. तक्ता येईल तो छापून घ्या आणि सर्वांत कमी गुणांचा भाग रंगवा. घरी येताना आठवतील तेवढ्या विषयांची नावं वहीत उतरवा. प्रश्न मात्र लिहू नका आणि कोणाला सांगू नका, गुप्ततेच्या अटीवर आपण सही केलेली असते. मग मधल्या ६० दिवसांत दुसरा पेपर देऊन टाका. मी तसंच केलं होतं: कन्स्ट्रक्शन गेल्यावर सातव्या आठवड्यात प्रोग्रॅमिंगचा दिला, आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा कन्स्ट्रक्शनला बसले. तेव्हा भिंतीचा तो प्रश्न वाचताना मला माझी साइट आठवली नाही, ए-२०१चं चौथं कलम आठवलं.